कंपनी म्हणते, ‘जंतू मेले, उरला फक्त डीएनए’

प्रश्न : मुळशी तालुक्यात ओढ्याकाठी आमचा भाजीचा मळा आहे. वरच्या अंगाच्या जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेचं सांडपाणी ओढ्यात येतं. विचारलं तर म्हणतात, ‘जंतू मारूनच पाणी सोडतो. राहिलाच तर सुटा डीएनए, त्याला कायदा लागू नाही.’ खरं का?

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि तेवढंच ते तुम्हाला ऐकवतात. पर्यावरण संरक्षण कायद्याखालची १९८९ची नियमावली जनुकीय बदल केलेले जीव, पेशी आणि त्या ज्यात आहेत असे पदार्थ यांना लागू होते. असा जीव मुद्दाम किंवा चुकून बाहेर सोडायला नियम ९ मनाई करतो. पेशी फुटून पाण्यात उतरलेला डीएनए मात्र या व्याख्येत सरळ बसत नाही. प्रदूषण मंडळ मोजतं ती पाण्याची आम्लता (पीएच) आणि प्राणवायू खाणारी घाण (बीओडी, सीओडी), जनुकं नाहीत. तेव्हा ‘डीएनए म्हणजे जीवच’ असा वाद घालू नका, हराल.

विचारा एवढंच : जंतू मेले कशावरून? ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या भांड्यात) १२१ अंशावर साधारण १५-२० मिनिटं लागतात, पण भांडं गच्च भरलं तर मधल्या द्रवापर्यंत तेवढी उष्णता पोचत नाही. म्हणून प्रत्येक फेरीची नोंद आणि बीजाणूपट्टीची चाचणी (पट्टीवरचे चिवट बीजाणूही मेले का, ते) बघायची. ती लेखी मागा. असे प्रयोग सुरक्षित होतात का ते पाहणारी संस्थेची जैवसुरक्षा समिती नोंदलेली आहे का, हे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाला माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये. ‘व्यापारी गुपित’ म्हणून अडवलं, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे.

स्वतः बाटली भरून तपासून आणलेलं पाणी तक्रारीला जोर देईल, पण खटल्यात टिकायला जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर सूचना देऊन घेतलेला सीलबंद नमुना हवा. मंडळाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. पीसीआरमध्ये (ठरावीक जनुक शोधायच्या चाचणीत) कॅनामायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारं जनुक सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते निसर्गातल्या जंतूंतही असतं. दोन वेगळ्या जीवांचे तुकडे जिथे जोडलेत, तो सांधा सापडायला हवा. त्यासाठी त्यांच्या प्लास्मिडचा (जनुक जंतूत घालायला वापरतात त्या डीएनएच्या कड्याचा) नकाशा लागेल, तोही मागा.

१९८९च्याच नियमावलीतल्या जिल्हास्तरीय समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. समिती कागदावरच असली, तरी अर्ज द्या. पुढे राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण. त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. भरपाईसाठी (लवादाच्या कायद्याचं कलम १५) मुदत ५ वर्षं, पण सांडपाणी सोडणं थांबवण्यासाठी (कलम १४) फक्त ६ महिने, फार तर वर ६० दिवस, आणि मोजणी दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. तेव्हा पाणी पहिल्यांदा कधी आलं, ती तारीख आजच लिहून ठेवा.