महागड्या फोनची मागणी काही देशांत इतकी जास्त आणि काही देशांत इतकी कमी का असते?

फक्त लोकांच्या पगारावरून याचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते फोनचे पैसे कसे भरले जातात, हे जास्त महत्त्वाचं.

अमेरिकेत बरेच फोन मोबाईल सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फतच विकले जातात. २४ किंवा ३६ महिन्यांचे हप्ते, वर जुना फोन परत दिल्यावर मोठी सूट. महिन्याच्या बिलात फोनची एक छोटीशी ओळ दिसते, पूर्ण किंमत कधी डोळ्यांसमोर येतच नाही. मग स्वस्त फोन घ्यावासा कशाला वाटेल? त्यात तिथल्या शाळकरी मुलांमध्ये मेसेजचा फुगा निळा (आयफोनवरून आलेला) की हिरवा (इतर फोनवरून आलेला), यावरूनही आयफोनचा आग्रह धरला जातो. जपानमध्ये सॉफ्टबँक या मोबाईल सेवा कंपनीने २००८ साली आयफोन आणला आणि पुढे अशाच सवलतींनी तो घरोघरी पोचला. २०१९ मध्ये सरकारने त्या सवलतींना लगाम घातला.

चीनचं गणित वेगळंच. तिथे सगळे वापरतात ते वीचॅट हे मेसेजिंग ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे सारखंच चालतं, त्यामुळे ब्रँड बदलणं सोपं. ऑगस्ट २०२३ मध्ये हुवावे या चिनी कंपनीचा मेट ६० प्रो हा फोन आला, तेव्हा देशाभिमानानेही ग्राहक खेचले.

भारतात बिनव्याजी हप्ते आणि एक्स्चेंज ऑफर आल्यावर महाग फोन आवाक्यात आले. आफ्रिकेत मात्र बहुतेक जण रोख मोजतात, म्हणून टेक्नो, आयटेलसारखे स्वस्त फोनचे ब्रँड तिथे पाय रोवून आहेत. सावळ्या चेहऱ्यांचे फोटो नीट यावेत म्हणून टेक्नोने कॅमेऱ्यावर खास मेहनत घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं.