मोजून काढलेली आफ्रिका

प्रश्न : सातवीला आफ्रिका खंड शिकवायचा आहे. मुले दुकानातला कोरा नकाशा आणून रंगवतात आणि आठवड्यात विसरतात. हाताने काढायला सांगितले तर कोणाची आफ्रिका कैरीसारखी, कोणाची वांग्यासारखी. काय करावे?
– एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : किनारा आधी काढू देऊ नका. आधी जाळी आखायची. आफ्रिकेला ही पद्धत फार सोयीची आहे, कारण सगळा खंड 40° उत्तर ते 40° दक्षिण आणि 20° पश्चिम ते 60° पूर्व एवढ्यात मावतो. म्हणजे दोन्हीकडे 80 अंश. कार्डशीटवर 40 सेंमीचा चौरस काढा आणि दर 5 सेंमीला रेषा मारा. एक अंश म्हणजे 5 मिमी, त्यामुळे मुलांना पट्टीवर अर्धा अर्धा सेंमी मोजत जाता येते. विषुववृत्त बरोबर मध्यावर येते, पण शून्य रेखावृत्त डाव्या कडेपासून 10 सेंमीवर. पहिला घोळ इथेच होतो: मुले दोन्ही शून्ये मध्यात धरतात आणि पुढचे सगळे 10 सेंमी सरकते. अंक कडेला लिहून झाल्यावर प्रत्येकाचा कागद पाहूनच पुढे जा.

मग हे 20 बिंदू द्या (आधी अक्षांश, मग रेखांश): टँजिअर 36 उ., 6 प.; केप ब्लँक 37 उ., 10 पू.; बेंगाझी 32 उ., 20 पू.; अलेक्झांड्रिया 31 उ., 30 पू.; सुवेझ 30 उ., 33 पू.; पोर्ट सुदान 20 उ., 37 पू.; जिबूती 12 उ., 43 पू.; ग्वार्डाफुई भूशिर 12 उ., 51 पू.; मोगादिशू 2 उ., 45 पू.; मोंबासा 4 द., 40 पू.; बेइरा 20 द., 35 पू.; डर्बन 30 द., 31 पू.; अगुल्हास भूशिर 35 द., 20 पू.; केप टाउन 34 द., 18 पू.; लुआंडा 9 द., 13 पू.; डुआला 4 उ., 10 पू.; अक्रा 5½ उ., 0, केप पाल्मस 4 उ., 8 प.; डाकार 15 उ., 17 प.; नुआदिबू 21 उ., 17 प.

बिंदू आधी सरळ रेषांनी जोडायचे. त्या खडबडीत आकृतीतही आफ्रिका ओळखू येते. नंतर ॲटलास उघडून मधली वळणे भरायची. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल पकडायला अगुल्हास उपयोगी पडते: आकडे उलटले की बिंदू थेट मोझांबिकमधल्या बेइरा बंदरावर जाऊन बसतो. खंडाचे दक्षिण टोक अगुल्हास आहे, केप ऑफ गुड होप नव्हे, हेही मुलांना आपल्याच बिंदूंवरून दिसते.

नद्या दुसऱ्या तासिकेला, आणि उगमापासून मुखाकडेच काढायच्या. ‘नदी वरून खाली वाहते’ म्हणून नाईल दक्षिणेकडे नेणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. काँगो विषुववृत्त दोनदा ओलांडते. नायजर सर्वांत मजेदार: तिचा उगम अटलांटिकपासून सुमारे 240 किमीवर, म्हणजे या नकाशात जेमतेम 1 सेंमीवर आहे. तरी ती समुद्राकडे पाठ फिरवून वाळवंटाच्या कडेपर्यंत जाते आणि मग वळून गिनीच्या आखाताला मिळते. हे एकदा हाताने काढले की पाठ करावे लागत नाही.

प्रश्न : नकाशा झाला. पण त्यावरून हवामान कसे शिकवायचे?
– एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : वर बटर पेपर ठेवा आणि त्यावर पट्टे काढा. विषुववृत्ताजवळ वर्षावने, दोन्ही बाजूंना सव्हाना, मग उत्तरेला सहारा आणि दक्षिणेला नामिब-कलहारी, अगदी टोकांना भूमध्य सागरी हवामान. खंडाच्या मधून विषुववृत्त गेल्यामुळे ही मांडणी दोन्ही बाजूंना आरशासारखी दिसते. मात्र तेवढ्यावर थांबू नका. विषुववृत्तावरच्या केनियात घनदाट वन का नाही, ते विचारा. आणि हा प्रश्न तर नक्की द्या: खार्टूम आणि पणजी दोन्ही साधारण 15½° उत्तरेला, मग पणजीत वर्षाला अडीचशे सेंमीच्या वर पाऊस आणि खार्टूमला 20 सेंमीही नाही, असे का? समुद्र, मोसमी वारे, सह्याद्री हे सगळे उत्तरात येते.

प्रश्न : 54 देश काढून घ्यावेत का?
– एक पालक, पुणे

उत्तर : नको. दहा-बारा पुरे. इजिप्त सर्वांत आधी घ्या: पश्चिम सीमा बरीचशी 25° पूर्वेवर, दक्षिण सीमा 22° उत्तरेवर, चक्क पट्टीने आखता येते. इतक्या सरळ सीमा कोणी आखल्या, हे मुलेच विचारतील. मग वसाहतींच्या वाटणीचा आणि 1884-85 च्या बर्लिन परिषदेचा विषय काढा. शाळेतला भिंतीवरचा नकाशाही तपासा. 2011 पूर्वीचा असेल तर त्यात दक्षिण सुदान नसेल.

प्रश्न : मैदा-मिठाचा उठावाचा नकाशा केला. वाळताना तडे गेले, पुठ्ठा वाकला आणि जुलैत सगळे ओले झाले.
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी हे प्रमाण ठीक आहे. थर 1 सेंमीपेक्षा जाड झाला की वरचा भाग आधी वाळून आकसतो आणि तडे जातात. पातळ थर द्या, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. पुठ्ठा एकाच बाजूने भिजतो म्हणून वाकतो. मागूनही कागद चिकटवा किंवा प्लायवूड घ्या. मीठ हवेतला ओलावा ओढते, तेव्हा कोकणात हे काम दिवाळीनंतरच करावे आणि वर वॉर्निशचे दोन हात द्यावेत. कागदाच्या लगद्याला ओल्या हवेचा त्रास कमी. किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये.

आणि उंचीचे प्रमाण नकाशावर लिहा. 5895 मीटरचा किलिमांजारो 1 सेंमी उंच केला तर तो सुमारे 38 पट फुगवलेला असतो. खऱ्या प्रमाणात तो पाव मिलिमीटरच भरेल.

प्रश्न : याच जाळीने युरोप काढता येईल?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : चौकोनी जाळीने नाही. 60° उत्तरेवर दोन रेखावृत्तांमधले अंतर विषुववृत्ताच्या निम्मे होते, त्यामुळे नॉर्वे-स्वीडन आडवे फुगतील. अक्षवृत्ते 5 सेंमीवरच ठेव. 20° पूर्व रेखावृत्त मध्ये उभे काढ. मग त्याच्या दोन्ही बाजूंना दर 10 अंशांसाठी 40° वर 3.8, 50° वर 3.2, 60° वर 2.5 आणि 70° वर 1.7 सेंमी मोजून खुणा कर आणि त्या वक्र रेषेने जोड.