दिवसा जागं ठेवू नका, आधी श्वास मोजा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दहा वर्षांचा स्पिट्झ, रात्री दोन ते चार घरभर फेऱ्या, मध्येच बसून धापा, आणि सकाळी आठपासून गाढ. तुम्ही विचारलंय की दिवसा जागं ठेवलं तर घडी बसेल का, आणि मेलाटोनिन (झोप यावी म्हणून घेतात ते) कुठलं द्यावं. आमच्या गुंड्याचं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबण लावतो. मी डॉक्टर नाही, हा एका कुत्र्याचा अनुभव आहे, तेवढं धरून वाचा.

दिवसा जागं ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं.

गुंड्या अकरा वर्षांचा असताना त्याची रात्र बिघडली. त्याला अधूनमधून ठेवायचो त्या पाळणाघरवाल्यांनी फोनवरच निदान केलं: "दिवसभर लोळतो ना, मग रात्री झोप कशी येणार? दुपारी झोपू देऊ नका." आम्हाला पटलं, कारण लहान मुलांना आपण तेच करतो. मग तीन आठवडे घरात पाळ्या लागल्या. त्याचे डोळे मिटले की आई ओट्यावरून पातेल्यावर उलथनं वाजवायची. तो दचकून उठायचा, माझ्याकडे बघायचा आणि शेपटी हलवायचा. हे लिहितानाही कसंतरी होतं.

मुळात मोठं कुत्रं चोवीस तासांत बारा ते चौदा तास झोपतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. पिल्लू अठरा-वीस तास, आणि म्हातारपणी झोप परत वाढते. त्यामुळे त्याचं दुपारचं लोळणं हा आळस नव्हताच. शिवाय रात्रीची झोप बुडाली होती, ती तो दिवसा भरून काढत होता. आम्ही तीही काढून घेतली.

खरी गोष्ट दिसत होती, पण कळली नाही. तो आडवाच होत नव्हता. बाल्कनीच्या दाराशी गार फरशीवर बसायचा, पुढचे कोपर बाहेर काढून, मान ताणून. पेंग आली की डोकं हळूहळू खाली जायचं आणि झटक्यात वर यायचं. लोकलमध्ये चौथ्या सीटवर डुलक्या घेणारा माणूस आठवा. झोप हवी होती, पण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि एका मिनिटात सांगितलं की हृदयात मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांबरोबर जादा फुसफुस आवाज येतोय. एक्स-रेत हृदय मोठं झालेलं, फुप्फुसात पाणी. लहान चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप गळायला लागणं हे फार सर्रास दिसतं म्हणे.

तुमच्याकडे हेच असेल असं मी म्हणत नाही. सांधे दुखत असतील तर कुत्रं एका कुशीवर टिकत नाही, सारखी जागा बदलतं. किडनी किंवा साखरेचा त्रास असेल तर रात्री पाणी-लघवीसाठी उठतं. आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, दाराच्या बिजागरीकडच्या फटीत घुसून अडकणं असं काही दिसलं तर मेंदूचं म्हातारपण असू शकतं, त्यातही दिवस-रात्र उलटी होते. पण तुम्ही "बसून धापा" लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून आधी एक करा. तो गाढ झोपलेला असताना (तुमच्याकडे सकाळीच) छातीची हालचाल मोजा. वर गेली आणि खाली आली की एक. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिशा, पंजे थरथरत असतील तर थांबा, स्वप्न पडतंय, तेव्हाचा आकडा धरायचा नाही. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या खाली असतो. सतत त्याच्या वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि बसल्या जागी कासावीस होतोय, जीभ-हिरड्या निळसर दिसतायत असं झालं तर आकडाबिकडा सोडा, रात्रीच निघा. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी गुंड्याचे आकडे असायचे. औषधाआधी ४४, ४८. औषध लागू पडल्यावर २६.

मेलाटोनिन स्वतःच्या मनाने देऊ नका. माणसांच्या गमीजमध्ये (चघळायच्या गोळ्यांमध्ये) कधीकधी झायलिटॉल नावाचा साखरेऐवजीचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विष आहे. झोपेची गोळी तर नकोच, आणि दुखतंय वाटलं म्हणून आयब्युप्रोफेन मुळीच नको.

जाता जाता: हृदयाचं निघालं आणि लघवीची गोळी (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी) सुरू झाली तर वेळ डॉक्टरांना नीट विचारून घ्या. आम्ही पहिल्या दिवशी रात्री दहाला दिली आणि दर तासाला लिफ्टने खाली गेलो. वॉचमनची झोप मोडली ती वेगळीच. आणि टाइल्सवर जुनी योगा मॅट टाका, म्हाताऱ्या पायांना उठताना पकड मिळते.

ज्यांनी फोनवर निदान केलं त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं होतं, खोडलं. तपासल्याशिवाय "सवयच लागलीये" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही, एवढंच. अर्थात पातेलं आमच्याच घरात वाजत होतं.

एक तुम्ही लिहिलं नाहीत: झोपताना तो हनुवटी उशीवर, चपलेवर, कशावर तरी उंच टेकवतो का? गुंड्या माझ्या बुटावर टेकवायचा, आणि आम्ही त्याचे फोटो काढायचो.