मियाटा घ्यायच्या आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला, आणि म्हटलं फोन करण्यापेक्षा नीट लिहूनच काढू कारण फोनवर आपण दोघं बोलता बोलता भलतीकडेच जातो. स्पेक मियाटा, म्हणजे माझदाची छोटी टू-सीटर मियाटा सगळ्यांनी एकाच नियमात तयार करून पळवायचा क्लास, त्यातली गाडी घ्यायची आणि रेसिंग करायचं हे तू ठरवलंयस. मस्त. हौशी माणसाला याच्याइतकं प्रामाणिक रेसिंग दुसरीकडे क्वचितच मिळतं. पण तू विचारलंस काय, तर वन पॉइंट सिक्स लिटर इंजिनवाली घेऊ की नव्व्याण्णवची वन पॉइंट एट, कुठली फास्ट आहे. तिथूनच सुरुवात करतो.

कुठलीच फास्ट नाही. तोच तर मुद्दा आहे. 1990 ते 2005 मधल्या मियाटा या एकाच क्लासमध्ये धावतात, सुरुवातीच्या वन पॉइंट सिक्सला कंपनीतून 116 हॉर्सपॉवर आणि 1999 वाल्या वन पॉइंट एटला 140, मग त्या बरोबरीत कशा येतात तर वजनाने आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेत बसवलेल्या रिस्ट्रिक्टर प्लेटने. ज्या गाडीत दम जास्त तिला किलो जास्त. सस्पेन्शनचं किट सगळ्यांना एकच, टायर एकाच कंपनीचे एकाच साइजचे. रेस संपली की पुढच्या नंबरांच्या गाड्या इम्पाउंडला, म्हणजे तपासणीच्या जागी, नेऊन काट्यावर चढवतात, ड्रायव्हर आत बसलेला, हेल्मेट सूट सगळ्यासकट. तू एवढी बारीक, तुला बहुतेक पॅसेंजर साइडच्या फ्लोअरला शिशाच्या प्लेट्स बोल्ट करून वजन भरावं लागेल, त्याची आत्ताच तयारी ठेव.

आता याचा अर्थ नीट समजून घे. तुझ्या पुढचा माणूस तीन सेकंदांनी फास्ट असेल तर ते तीन सेकंद त्याच्या गाडीत नाहीत, त्याच्या हातापायात आहेत. पहिल्या वर्षी हे पचायला जड जातं, मी कितीतरी हुशार पोरं पाहिलीयेत जी रात्रभर चाकांची अलाइनमेंट बदलत बसतात आणि सकाळी तेवढीच स्लो असतात. गाडी ठीक असेल तर तिला हात लावू नकोस. टायर प्रेशर बघ, पेट्रोल बघ, आणि ट्रॅकवर जा.

तयार गाडीच घे, स्वतः बांधायच्या भानगडीत पडू नकोस, बांधायला नेहमी विकत घेण्यापेक्षा जास्त पैसे जातात आणि पूर्ण सीझन गॅरेजमध्ये जातो. घेताना आधी लॉगबुक माग. प्रत्येक रेस कारचं लॉगबुक असतं, टेक इन्स्पेक्शन कधी झालं, गाडी कधी ठोकली, सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि विकणारा 'ते कुठेतरी पडलंय' म्हणाला की तू घरी ये. केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा लोखंडी पिंजरा, कुठे वेल्ड केलाय ते खाली वाकून बघ, इंजिनाची लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते ती, करून घे. आणि पुढची चाकं जॅकवर उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलव. किंचितही खटखट हाताला लागली तर हब बेअरिंग संपत आलंय. मियाटाचा हा ठरलेला वीक पॉइंट आहे, रोजच्या वापरात ती बेअरिंग वर्षानुवर्षं टिकते पण रेसच्या टायरवर नाही टिकत, आणि ती गेली तर चाक निघून जाऊ शकतं. म्हणून दर वीकेंडच्या आधी हे चेक करायचं, आणि हे मेकॅनिकवर सोडायचं नाही, तू स्वतः करायचं.

पैशांचं एकदाच बोलतो. आपली नेहमीची कार इन्शुरन्स पॉलिसी रेसिंगला चालत नाही. गाडी पूर्ण भिंतीत गेली तरी एक तारखेला भाडं भरता आलं पाहिजे, तेवढेच पैसे यात घाल. कर्ज काढून नको. सेफ्टीच्या सामानात मात्र घासाघीस करायची नाही. हेल्मेट स्नेल या टेस्टिंग संस्थेचं एसए रेटिंगवालं हवं, तुझं बाइकचं एम रेटिंगवालं चालणार नाही कारण त्याची आगीची टेस्ट झालेली नसते. आणि मानेसाठी हान्स डिव्हाइस, धडकेत डोकं झटक्याने पुढे जाऊ न देणारं. 2001 मध्ये डेटोनाच्या रेसमध्ये नॅसकारचा मोठा ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने, त्यानंतर हे डिव्हाइस सगळीकडे पसरलं. तुझ्या बाबांना हा परिच्छेद वाचून दाखव, त्यांची अर्धी काळजी इथेच आहे. उरलेली अर्धी राहीलच, त्याला इलाज नाही.

आता गाडी चालवायचं. थंडरहिल तुला जवळ आहे, कॅलिफोर्नियातल्या विलोजला, तीन मैलांचा ट्रॅक आणि पंधरा टर्न. उन्हाळ्यात तिथे पारा 38 च्या वर जातो, सूट घालून आत बसल्यावर काय होतं ते तुला कळेलच, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. तिथला टर्न टू घे. लांबच लांब डावा, संपता संपत नाही असा. नवीन माणूस तिथे काय करतो तर ब्रेक जोरात दाबतो, ते बरोबर आहे, आणि मग पाय झटकन उचलतो, तिथे गडबड होते. पाय सुटला की नाक वर येतं, पुढच्या टायरवरचा भार जातो, स्टिअरिंग वळवलंय पण गाडी बाहेर सरकत राहते, मग तो बसतो वाट बघत की कधी एकदा थ्रॉटल देता येईल. एवढ्या लांब टर्नमध्ये वाट बघणं म्हणजे अख्खी लॅप घालवणं. तू ब्रेक हळूहळू सोड, वळायला लागल्यावरही थोडा पायाखाली राहू दे, नाक खाली राहील, टायर पकडून राहतील. मग मधे घाई करू नकोस, थ्रॉटल नुसता धरून ठेव, टर्नचं पुढचं टोक दिसलं की मग दे. या गाडीत ताकद नाही, कोपऱ्यात घालवलेला स्पीड सरळ रस्त्यावर परत मिळत नाही, म्हणून ब्रेक कुठे मारला यापेक्षा कसा सोडला याला किंमत आहे. हे शंभर वेळा सांगितलं तरी कमीच आहे, कारण बाकीचं सगळं यावरून सुचत जातं.

डेटा लॉगर, म्हणजे प्रत्येक लॅपचा स्पीड नोंदवणारं यंत्र, पहिल्या दिवसापासून लाव. आणि आपल्या पॅडॉकमधली, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावतो त्या आवारातली, सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तुझ्यापेक्षा फास्ट माणसाकडे जाऊन 'तुमचा डेटा बघू का' म्हणालीस तर बहुतेक जण लॅपटॉप उघडून बसतात. गाड्या सारख्या असल्यामुळे दोन स्पीडच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या की फरक सरळ दिसतो, कुठे तू लवकर पाय उचललास, कुठे तुझा कमीत कमी स्पीड ताशी दोन मैलांनी कमी आहे. गाड्या वेगवेगळ्या असतात त्या क्लासमध्ये ही सोय नाही. लाजू नकोस, जाऊन विचार.

आणि सरळ रस्त्यावर तू एकटी काहीच करू शकत नाहीस, हे पहिल्याच रेसला कळेल. तुझे बाबा आणि मी सायकलवरून एसटीच्या मागे चिकटून जायचो, अजिबात वारा लागायचा नाही, तसंच हे. दोन मियाटा एकामागे एक लागून गेल्या तर दोन्ही एकट्या गाडीपेक्षा फास्ट जातात. म्हणजे तू आणि तुझ्या पुढचा रेसच्या मध्यात एकमेकांशी भांडत बसलात, प्रत्येक कोपऱ्यात शेजारी शेजारी गेलात, तर पुढचा घोळका निघून जातो आणि मागचे तुम्हाला येऊन गाठतात. त्यामुळे बराच वेळ तुला ज्याला हरवायचंय त्याच्याच सोबत काम करायचं असतं, आणि ओव्हरटेक शेवटच्या लॅप्ससाठी राखून ठेवायचा. मागे चिकटलेली असताना दोन गोष्टी लक्षात ठेव, इंजिनाला हवा कमी मिळते म्हणून टेम्परेचरवर नजर ठेवून मधेच नाक बाजूला काढायचं, आणि वारा अडलेला असल्यामुळे गाडी नेहमीसारखी थांबत नाही, ब्रेक जरा आधी.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एससीसीएच्या, म्हणजे हे रेसिंग चालवणाऱ्या अमेरिकन क्लबच्या, नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की ओव्हरटेक करायचा निर्णय आणि तो सुरक्षितपणे करायची जबाबदारी मागून येणाऱ्याची, आणि पुढच्याने अडवायचं नाही. शेजारी गाडी असेल तर तिला रस्त्यावर जागा द्यायची. आता गाड्या एवढ्या सारख्या असल्यावर शेजारी गाडी असणं हा अपवाद नाही, तीच नेहमीची स्थिती आहे. काही लोक तुला सांगतील की स्पेक मियाटात थोडंफार घासायचंच, दरवाजे ठोकायचेच. मला हे मान्य नाही, अजिबात नाही. ज्याला ओव्हरटेक करायला समोरच्याचा दरवाजा लागतो त्याला अजून गाडी चालवता येत नाही असं मी समजतो. तू जागा देत राहिलीस तर तीन-चार रेसमध्ये सगळ्यांना कळतं की हिच्या शेजारून बिनधास्त जाता येतं, आणि मग तेही तुझ्या आरशात दिसले तरी तुला धडकी भरत नाही. अशा माणसासोबत पूर्ण लॅप दार-ला-दार लावून जाणं, कोणी कोणाला शिवत नाही, कोणी सोडतही नाही, यासाठी मी हा खेळ खेळतो.

कधीतरी गाडी फिरणार, मियाटाची लांबी कमी, कोपऱ्यात घाबरून थ्रॉटल सोडलास की मागचं टोक निघतं. फिरली की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धर. गाडी जिथे चाललीये तिथेच जाईल आणि मागच्यांना कळेल की ही कुठे जाऊन थांबणार. ब्रेक मधेच सोडलास तर ती अचानक कुठेही पळते, तेही नेमकी घोळक्यासमोर.

लायसन्सचं अवघड नाही, मेडिकल, नोव्हिस परमिट, ड्रायव्हर्स स्कूल, मग परमिटवर रेस करून सह्या. त्याच्या आधी काही ट्रॅक डे कर, म्हणजे रेस नसताना ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस. पण या सगळ्याच्याही आधी एक काम कर, पुढच्या रेस वीकेंडला माझ्यासोबत कॉर्नर वर्कर म्हणून ये, टर्नवर उभं राहून ड्रायव्हरना झेंडे दाखवायला. फी काही नाही, उलट जेवण मिळतं, आणि मियाटाचा घोळका एका टर्नमध्ये कसा शिरतो आणि कसा बाहेर पडतो ते दिवसभर समोर उभं राहून बघता येतं. पिवळा झेंडा नुसता धरलाय आणि हलवतायत यातला फरक, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा म्हणजे रस्ता निसरडा, हे सगळं तिथे एकदा हातात धरलंस की गाडीत असताना विचार करावा लागत नाही. आणि ज्यांच्या जिवावर तू रेस करणार आहेस ती माणसं कोण आहेत हेही कळेल, रेसनंतरच्या लॅपला सगळे ड्रायव्हर खिडकीतून त्यांना हात का करतात ते सांगावं लागणार नाही.

शुक्रवारी रात्रीच निघू, सकाळची मीटिंग लवकर असते. पूर्ण बाह्यांचा सुती पांढरा शर्ट, टोपी, पायात बूट, सनस्क्रीन. लाल किंवा पिवळं काहीही घालू नकोस, लांबून ड्रायव्हरला झेंडा वाटतो.

तुझा काका