गिऱ्हाईकच नाही, मग शेअर विकून टाकू का?

रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होतं, त्याच दिवशी ग्राहक विश्वास सर्वेक्षणाचे आकडेही येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ग्राहकांचा विश्वास घसरला’ अशी चौकट आली की मला, म्हणजे गुंतवणुकीचा सल्ला देणारीला, फोन सुरू होतात. लोक हात आखडणार, कंपन्यांचा नफा घटणार, मग शेअर आत्ताच विकून मोकळं व्हावं का, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. सोलापुरात तो जास्त टोचतो. इथल्या कितीतरी घरांचा संसार टॉवेल, चादरी आणि गणवेशाच्या विक्रीवर चालतो. बाजार मंदावला की त्यांना पेपर वाचावा लागत नाही.

असेच एक अण्णा आणि अक्का माझ्याकडे आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. अण्णा बसायच्या आधीच बोलू लागले, “मॅडम, गोडाऊनला माल तसाच पडून राहायलाय. उधारी वसूल होईना. पेपरात पण तेच लिहायलेत. सगळं समोर दिसायलंय की, मग शेअर ठेवून थांबू कशाला?”

त्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतं. टॉवेलची मागणी कशी आहे हे कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अण्णांना आधी कळतं. पण तेवढ्यावरून शेअर बाजाराचं काय होईल, हे ठरवता येत नाही. म्हणून आधी तो आकडा उलगडून बघू, म्हटलं.

हे सर्वेक्षण १९ मोठ्या शहरांतल्या सुमारे सहा हजार घरांत होतं. महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर त्यात आहेत, सोलापूर नाही. देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, किमती, घरचं उत्पन्न आणि खर्च अशा पाच गोष्टी विचारतात. सुधारलं म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून (खर्च वाढला म्हणणारे यातच धरतात) बिघडलं म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची, पाचही उत्तरांची सरासरी काढायची आणि त्यात १०० मिळवायचे. १०० च्या खाली आकडा म्हणजे नाराज लोक जास्त. असे दोन आकडे निघतात. वर्षापूर्वीच्या तुलनेत आज कसं आहे, हे एक सांगतो आणि अजून वर्षाने कसं असेल असं वाटतं, हे दुसरा. मथळ्यात बहुतेक वेळा पहिलाच येतो.

इथे अक्कांनी विचारलं, “खर्च वाढला की आकडा वर जातो म्हणता? अहो, तेल महागलं की माझा खर्च वाढतोच. त्यात कसला आला विश्वास?”

प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणूनच गरजेचा खर्च आणि बिनगरजेचा खर्च हे सर्वेक्षणात वेगळे विचारतात. बाजाराकडे डोळे लावून बसलेल्याने खरं तर बिनगरजेच्या खर्चाचं उत्तर आधी वाचावं. जुना टॉवेल अजून सहा महिने चालवता येतो, किराणा थांबवता येत नाही.

मग मी त्यांना मे २०२१ ची फेरी दाखवली. कोविडची दुसरी लाट होती आणि आजच्या स्थितीचा निर्देशांक ४८.५ वर आला होता, तोवरचा सगळ्यात खालचा. त्या महिन्यात सेन्सेक्स मात्र ५० हजारांच्या आसपास होता आणि २४ सप्टेंबर २०२१ ला तो पहिल्यांदा ६० हजारांवर गेला. मेमधला मथळा वाचून ज्यांनी सगळं विकलं, त्यांच्या हातून ही वाढ निसटली.

अण्णांनी लगेच उलटं गणित मांडलं, “मग विश्वास पडला की खरेदी करायची का?” विकण्याच्या घाईपेक्षा मला या प्रश्नाची जास्त काळजी वाटते, कारण माणूस इथे हुशारीच्या भरात फसतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचा असाच जुना निर्देशांक आहे. जून २००८ मध्ये तो ५६.४ पर्यंत उतरला होता. ‘आता स्वस्त आहे’ म्हणून तेव्हा शिरलेल्यांनी मार्च २००९ पर्यंत एस अँड पी ५००, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, जवळजवळ निम्म्यावर येताना पाहिला. जून २०२२ मध्ये मिशिगनचा निर्देशांक ५० पर्यंत घसरला आणि त्यानंतरच्या वर्षभरात बाजार चांगला वधारला. त्याआधी, जानेवारी २००० मध्ये तो ११२ या विक्रमी उंचीवर होता, लोक खूश होते, आणि दोनच महिन्यांनी बाजाराची मोठी पडझड सुरू झाली.

असं होतं, कारण लोक आपल्या आजच्या अनुभवावरून उत्तर देतात आणि शेअरचे भाव पुढच्या काही वर्षांच्या कमाईचा अंदाज बांधून ठरतात. कितीदा तर बाजार पडल्याच्या बातम्यांनीच लोकांचं मन खट्टू होतं, म्हणजे निर्देशांक बाजाराच्या मागून चालतो. शिवाय सेन्सेक्समधल्या आयटी कंपन्यांची बरीचशी कमाई अमेरिका-युरोपातून येते. सोलापूरच्या नवी पेठ बाजारातल्या गर्दीवरून तिचा अंदाज कसा यावा?

एवढं झाल्यावर मी त्यांची वही मागितली, आणि खरी अडचण तिथे सापडली. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे दीड वर्षात लागणार होते, ते सगळे इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात होते. थेट घेतलेल्या शेअरपैकी मोठा भाग कापड आणि सुताच्या कंपन्यांचा होता, ‘आपल्याला यातलं कळतं’ म्हणून घेतलेला. हाताशी रोकड मात्र कामगारांच्या जेमतेम दोन पगारांपुरती. म्हणजे धंदा कापडाचा, शेअर कापडाचे आणि मुलीचं शिक्षणही त्याच आशेवर. गिऱ्हाईक खरंच आटलं तर गल्ला, शेअर आणि फी तिन्ही एकाच महिन्यात अडचणीत येणार. मला धास्ती वाटली ती याची. निर्देशांक ९० असो की ११०, ही मांडणी धोक्याचीच होती.

फीचे पैसे दोन टप्प्यांत मुदत ठेवीत न्यायचं ठरलं. अक्कांना व्याज कमी वाटत होतं, पण तारीख ठरलेल्या पैशाला बाजारात ठेवू नये यावर मी ठाम राहिले. कापडाचे शेअर कमी करून घरखर्च आणि कामगारांचा पगार सहा महिने निघेल एवढी रोकड उभी केली. सगळं एकदम विकलं असतं, तर वर्षातल्या सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर लागला असता, म्हणून विक्री दोन आर्थिक वर्षांत वाटली. उरलेली एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं) निवृत्तीसाठी आहे, पंधरा वर्षं लांबची. ती निम्मी केली, बंद केली नाही.

सर्वेक्षण अण्णा अजून वाचतात, आणि त्यांनी वाचावंच. पुढच्या हंगामासाठी सूत किती बुक करायचं, कोणत्या व्यापाऱ्याला किती उधारी द्यायची, हे ठरवताना लोकांच्या बिनगरजेच्या खर्चाचा कल त्यांच्या कामाचा आहे. एका सूतगिरणीचा शेअर मात्र ते सोडायला तयार नाहीत. वर्षानुवर्षं तिथलंच सूत घेतात, माणसं ओळखीची आहेत. तो एकूण गुंतवणुकीच्या पाच टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी मान्य केलंय.