जंगल कृष्णधवलमध्ये टिपताना
तुझे जंगलातले कृष्णधवल फोटो पाहिले. झाडं छान निवडली आहेस, पण रंग काढल्यावर हिरवी पानं आणि तपकिरी खोडं एकाच करड्या छटेत मिसळून गेलीत. जंगलात खरी अडचण हीच. म्हणून रंग विसरून उजेडातला फरक शोध: काळसर खोडामागे उजळ पालवी, किंवा त्याउलट. धुकं पडलं तर हातातलं काम टाकून बाहेर पड. मागची झाडं फिकी होत जातात आणि चित्राला आपोआप खोली येते. कडक उन्हात मात्र कवडशांचे पांढरे डाग आवरत नाहीत. आभाळाचे तुकडेही शक्यतो फ्रेमबाहेर ठेव.

पावसानंतर लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावच. ओल्या पानांवरची चकाकी नंतर नीट काढता येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र) एफ/८ ते एफ/११, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) १००. वारा असेल तर आयएसओ वाढव, म्हणजे शटर लवकर मिटतं आणि हलणारी पानं पुसट येत नाहीत.

फोटो रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती ठेवणारी मूळ फाइल) घे, कॅमेऱ्याचा मोनोक्रोम म्हणजे कृष्णधवल मोड फक्त स्क्रीनवर पाहण्यापुरता. संगणकावर कृष्णधवलमध्ये रूपांतर करताना हिरव्याआधी पिवळा स्लायडर (त्या रंगाची छटा उजळ-गडद करणारी पट्टी) हलवून बघ, पानांमध्ये पिवळा बराच असतो. मग डॉज-बर्नने (फोटोचा ठरावीक भागच उजळ किंवा गडद करण्याची पद्धत) मुख्य खोड हळूहळू उजळव. काँट्रास्ट सरसकट वाढवू नकोस. सावलीतली साल काळीठिक्कर होते आणि प्रिंटमध्ये ती आणखीच गडद उतरते.