चाळिशीत पियानो शिकतोय. स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून लोकांना ऐकवावं का?

जरूर ऐकवा, आणि 'नीट यायला लागलं की मग बघू' म्हणत थांबू नका. तुम्ही लिहिलंय की घरी डिजिटल पियानो आहे, पोलिश संगीतकार शोपाँचा ई मायनर प्रेल्यूड, म्हणजे छोटी पियानोरचना (ओपस २८ या संचातला क्रमांक ४) बऱ्यापैकी बसलाय, पण शिक्षकांखेरीज तो कुणी ऐकलेला नाही. मीही नोकरी सांभाळून हौसेनं वाजवतो. माझ्या वाजवण्यात सगळ्यात जास्त फरक पडला तो रेकॉर्डिंगमुळे. वाजवताना लक्ष पुढच्या स्वरांत आणि बोटांत गुंतलेलं असतं, त्यामुळे नुकतंच काय वाजलं ते ऐकायला कान मोकळे नसतात.

तुमचाच प्रेल्यूड घ्या. जेमतेम २५ बारांची, म्हणजे तालाच्या छोट्या खंडांची, रचना. उजव्या हाताची चाल सुरुवातीला दोन शेजारच्या स्वरांभोवतीच रेंगाळते. खाली डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अखंड चालू असतात आणि त्यातला बहुधा एखादाच स्वर अर्ध्या स्वरानं खाली सरकतो. वाजवणाऱ्याला वाटतं चाल छान गातेय. रेकॉर्डिंगमध्ये मात्र कॉर्डांनी ती पार झाकलेली असते. दुसरी गोष्ट लयीची. सोळाव्या बारावर शोपाँनं 'स्ट्रेत्तो' लिहिलंय, म्हणजे तिथे लय पुढे रेटायची. आपण हौशी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून पळत सुटतो, मग त्या जागी रेटायला काही उरतच नाही. शिक्षक हे सांगून थकतात. स्वतः ऐकलं की पटतं.

साधनांवर फार खर्च करू नका. तुमच्या पियानोला पेनड्राइव्ह लावता येत असेल तर बऱ्याच मॉडेलांत थेट त्यावर ऑडिओ उतरतो. पंखा, कुकरची शिट्टी, खालचा रिक्षा, काहीच येत नाही. नुसता फोन समोर ठेवलात तर त्याचं ॲप अनेकदा हळू वाजवलेलं आपोआप मोठं करतं आणि जोराचं दाबतं. या रचनेचा जीवच त्या फरकात आहे, म्हणून ती आपोआप पातळी ठरवण्याची सोय बंद करा. शिवाय यूएसबी केबलनं कंप्युटरला जोडून मिडी (आवाजाऐवजी दाबलेल्या पट्ट्यांची नोंद) उतरवलंत तर प्रत्येक स्वर किती जोरानं वाजला त्याचा १ ते १२७ मधला आकडा दिसतो. डाव्या हाताचे आकडे उजव्याच्या बरोबरीनं निघाले की शंकेला जागा राहत नाही.

तुकडे जोडू नका, सलग वाजवा. ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवादकानं १९६४ साली मंचावर वाजवणं सोडलं आणि पुढे वेगवेगळे टेक (एकाच रचनेची वेगवेगळी रेकॉर्डिंग) जोडून रेकॉर्ड करणं उघडपणे पुरस्कारलं, हे खरं आहे. पण प्रत्येक टेकमध्ये काय वेगळं आहे ते त्याला नेमकं माहीत होतं. शिकणाऱ्यानं जोडकाम केलं तर जिथे हात अडतो तीच जागा लपते. शेवटच्या कॉर्डनंतर नाद विरेपर्यंत पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालू ठेवा.

हक्कांबद्दल विचारलंत. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मुक्त होते. शोपाँ १८४९ मध्ये गेला, तेव्हा ती काळजी नाही. राहुलदेव बर्मन १९९४ साली गेले, त्यामुळे त्यांच्या चाली २०५४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्या ऐकवायच्या तर परवानगीचा प्रश्न येतो. स्वतः वाजवलेल्या शोपाँवरही व्हिडिओ साइटची यंत्रणा कधीकधी दुसऱ्याच ध्वनिमुद्रणाचा दावा लावते. घाबरू नका, रचना मुक्त आहे आणि ध्वनिमुद्रण तुमचं, असं लिहून हरकत नोंदवा.

ऐकवताना 'कसं वाटलं?' एवढंच विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर येईल, आणि त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. 'डावा हात जड वाटतो का?', 'लय कुठे सुटली?' असं विचारा. किती काळ शिकताय तेही लिहा, म्हणजे जाणकार त्या बेतानं सांगतात. फायलीला तारीख घालून ठेवा, पुसू नका. हा प्रेल्यूड एकदा लोकांसमोर गेला की त्याच संचातला ए मेजरमधला सातवा घ्या. तो १६ बारांचा आहे, मिनिटभरात संपतो, आणि त्यात पेडल किंचितही उशिरा उचललं तर रेकॉर्डिंगमध्ये लगेच स्वरांचा चिखल ऐकू येतो.